मुघल साम्राज्याचा चढ-उतार स्प्रेडशीटमध्ये कसा मांडायचा

१५५६ ते १७३९ या काळातलं मुघल साम्राज्य दोन आकड्यांत धरता येतं: प्रत्यक्ष वसुली देणारा मुलूख किती, आणि त्या वसुलीतून दरबार मनसबदारांचं, म्हणजे दर्जा आणि वेतन ठरवून दिलेल्या सरदारांचं, किती देणं लागतो. या दोघांना जोडणारी तीन सूत्रं लिहून १८४ ओळींची शीट खाली ओढली की वाढ, टोक आणि पडझड असं तिन्ही दिसतं. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स यांपैकी काहीही चालेल. प्रोग्रामिंगची गरज शेवटी, तेच मॉडेल हजार वेळा चालवायचं असेल तेव्हाच पडते.

मुघल निवडण्याची कारणं दोन. त्यांच्या महसुलाच्या आणि मनसबींच्या नोंदी आहेत, त्यामुळे मॉडेलमधला प्रत्येक आकडा कशावर तरी घासून पाहता येतो. शिवाय मराठी वाचकाला याच काळाची दुसरी बाजू ठाऊक असते, म्हणून मॉडेल कुठे थापा मारतंय हे त्याला पटकन कळतं.

आधी मोजमाप

उदय-अस्ताच्या अभ्यासात सर्वात जास्त वापरलं जाणारं माप म्हणजे क्षेत्रफळ. राईन टागेपेरा या राज्यशास्त्रज्ञाने जगभरच्या साम्राज्यांची क्षेत्रफळं नकाशांवरून मोजून त्यांचे कालानुसार आलेख काढले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्या मापाने रोम इसवी सन ११७ मध्ये सुमारे ५० लाख चौ. किमी, मुघल १६९० मध्ये सुमारे ४० लाख आणि मराठे १७६० मध्ये सुमारे २५ लाख भरतात. (आजचा महाराष्ट्र ३.०८ लाख चौ. किमी आहे.)

स्वतः मोजायचं असेल तर ऐतिहासिक अ‍ॅटलासमधले नकाशे स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये बसवा, सीमा गिरवा आणि क्षेत्रफळ काढा. नकाशा बसवताना किमान आठ-दहा ओळखीचे बिंदू घ्या: नद्यांचे संगम, किल्ले, बंदरं. शहरांची ठिकाणं जुन्या छापील नकाशांत बरीच सरकलेली असतात. प्रक्षेपण समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारं हवं, उदाहरणार्थ अल्बर्स. मर्केटरवर मोजलं तर पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे ११ टक्के फुगतं आणि काबूलजवळ सुमारे ४७ टक्के. म्हणजे साम्राज्य उत्तरेला सरकलं की ते वाढल्याचा भास होतो. ही चूक आलेखात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रक्षेपण पहिल्याच दिवशी तपासा.

दर दहा वर्षांचा एक आकडा पुरतो. दोन आकड्यांच्या मधली वर्षं सरळ रेषेने भरायचा मोह आवरा. विजापूर १६८६ मध्ये पडलं, गोवळकोंडा १६८७ मध्ये. त्या पायऱ्या आहेत, उतार नाहीत. सरळ रेषेने भरलेला आलेख गुळगुळीत दिसतो आणि मॉडेल त्या गुळगुळीतपणाशी जुळून खोटं समाधान देतं.

आता खरी अडचण. नकाशावर एकाच रंगाने रंगवलेला मुलूख सारखाच ताब्यात असतो असं नाही. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली: खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद, विजापूर. हे सुभे नकाशात मुघलांचे धरायचे की मराठ्यांचे? दोन्हीकडे पूर्ण धरले तर मुलूख दुप्पट होतो. यावर उपाय म्हणजे तीन थर करा: स्वतःच्या अंमलदारांकडून वसुली होणारा मुलूख, खंडणी किंवा चौथ देणारा मुलूख, आणि नुसत्या स्वाऱ्यांचा मुलूख. पहिल्याला वजन १, तिसऱ्याला शून्य. मधल्याला किती द्यायचं ते कागदावरून ठरवा. चौथ २५ टक्के आणि सरदेशमुखी १० टक्के मिळून मराठ्यांच्या खात्यात ०.३५, आणि मुघलांच्या खात्यात फार तर ०.६५.

छत्रपतींच्या हाती येणारी रक्कम मोजायची असेल तर हे वजन आणखी उतरतं. चौथाईची वाटणी ठरलेली होती: २५ टक्के राजबाबती म्हणजे गादीचा वाटा, ६ टक्के सहोत्रा, ३ टक्के नाडगौडा आणि उरलेले ६६ टक्के मोकासा म्हणून सरदारांच्या फौजखर्चाला. म्हणजे शंभर रुपयांच्या महसुलातून चौथाईचे पंचवीस, त्यातले गादीपर्यंत सव्वासहा, आणि सरदेशमुखीचे दहा धरून सव्वासोळा रुपये, तेही कागदावर. एकाच मुलखाला ०.३५ म्हणायचं की ०.१६ हे तुमच्या प्रश्नावर ठरेल. मराठी सत्तेचा एकूण पसारा हवा असेल तर पहिला आकडा, केंद्राची ताकद हवी असेल तर दुसरा. कोणता घेतला ते शीटच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने तुम्हालाच आठवणार नाही.

जमा म्हणजे वसुली नाही

मुलखाऐवजी थेट महसूल का घेऊ नये? घ्यावा, पण जपून. ऐन-इ-अकबरीत अकबराच्या चाळिसाव्या वर्षी बारा सुभ्यांची जमा ३,६२,९७,५५,२४६ दाम दिली आहे. चाळीस दामांचा रुपया धरला तर सुमारे ९ कोटी ७ लाख रुपये. आकडा शेवटच्या दामापर्यंत दिलेला असल्यामुळे फार खात्रीचा वाटतो. पण जमा ही अपेक्षित आकारणी असते आणि हाती येतो तो हासिल. दोघांतली दरी इतकी वाढली की शाहजहानच्या काळात जहागिरी, म्हणजे मनसबदारांना वेतनापोटी दिलेले वसुलीचे हक्क, महिन्यांच्या मापाने ओळखल्या जाऊ लागल्या. जमेइतका पूर्ण हासिल देणारी ती बारमाही, निम्मा देणारी सहामाही, तिसरा हिस्सा देणारी चारमाही.

मॉडेल बांधणाऱ्यासाठी ही मोठी देणगी आहे. दरबार स्वतःच्याच आकड्यांना किती टक्के खरं मानत होता ते यातून कळतं. कुठल्या सुभ्याची जहागीर कितीमाही होती याचा दाखला मिळाला की त्या सुभ्याच्या जमेला बाराने भागून त्या महिन्यांनी गुणा. दाखला नसेल तर तो सुभा क्षेत्रफळावरच ठेवा आणि शेजारच्या सुभ्याचं प्रमाण त्याला उसनं लावू नका. गंगा-यमुनेच्या दुआबाचं प्रमाण दख्खनला लावलं तर सगळं गणित आशावादी होऊन बसतं. १७१९ च्या आसपास दक्षिणेच्या सहा सुभ्यांचा महसूल कागदावर सुमारे १८ कोटी रुपये धरला जात होता, तो याच जातीचा आकडा आहे.

एका चलाचं मॉडेल आणि त्याची मर्यादा

सुरुवात सोप्या सूत्राने करा. मुलूख वाढला की पैसा आणि फौज वाढते, त्यातून आणखी मुलूख मिळतो, पण अंतर वाढत गेल्याने वेग मंदावतो:

वाढ = दर × क्षेत्र × (१ − क्षेत्र ÷ मर्यादा)

मर्यादा ठरवायला भूगोल पुरतो. हिंदुकुश, हिमालय आणि दक्षिणेचा समुद्र यांच्या आतली जमीन मोजा. भारत ३२.८७ लाख, पाकिस्तान सुमारे ७.९६, बांगलादेश १.४८, बेरीज ४२.३ लाख. काबूलकडचा भाग धरून ४५ लाख चौ. किमी घ्या. दर ठरवायला एक सोपी युक्ती आहे: मर्यादेच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जायला लागणारी वर्षं = ४.३९ ÷ दर. अकबराच्या सुरुवातीपासून औरंगजेबाच्या पहिल्या दशकापर्यंत साधारण ११० वर्षं मोजली, तर दर ०.०४ येतो.

हे सूत्र चढाचा आलेख छान काढतं आणि मग ४५ वर जाऊन कायमचं थांबतं. दर किंवा मर्यादा कितीही बदला, ते खाली येत नाही. एकाच चलाचं मॉडेल एका तोलाकडे सरकतं आणि तिथेच बसतं, कारण त्याला मागचं काही आठवत नाही. पडझड हवी असेल तर दुसरं असं चल हवं, जे चढाच्या काळात साचतं आणि उताराच्या काळात लगेच ओसरत नाही.

हे दुसरं चल कोणतं घ्यायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. चौदाव्या शतकातल्या इब्न खलदूनने एकजुटीला, त्याच्या शब्दांत असबियाला, मध्यभागी ठेवलं आणि आजचे अनेक मॉडेलकार तीच वाट धरतात. कल्पना सुंदर आहे, पण एकजूट मोजायची कशात? ज्या चलाला दप्तरात एकही नोंद नाही ते चल हवं तसं वाकवता येतं. म्हणून मुघलांसाठी मी देण्याला पसंती देईन. मनसब म्हणजे दरबाराने दिलेलं वचन, त्याला आकडा असतो आणि तो आकडा लिहिलेला असतो.

दोन चलांचं मॉडेल

शीटमध्ये चार स्तंभ करा: वर्ष, क्षेत्र, देणं, भरपाई. क्षेत्र लाख चौ. किमीमध्ये. देणं त्याच मापात ठेवा: सगळ्या मनसबदारांचं देणं पूर्ण फेडायला किती लाख चौ. किमीचा हासिल लागेल, ते. भरपाई म्हणजे त्यातलं किती खरोखर फिटतं.

भरपाई = क्षेत्र ÷ देणं, पण १ पेक्षा जास्त नाही

नवं क्षेत्र = क्षेत्र + ०.०४ × क्षेत्र × भरपाई × (१ − क्षेत्र ÷ ४५) − ०.०५ × क्षेत्र × (१ − भरपाई)

नवं देणं = देणं × १.००८ + ०.६ × (क्षेत्रात झालेली वाढ, घट असेल तर शून्य)

पहिल्या सूत्रात मिन आणि तिसऱ्यात मॅक्स फंक्शन वापरा. पाचही आकडे सूत्रांत थेट लिहू नका. त्यांच्यासाठी वर वेगळे चौकोन ठेवा आणि संदर्भ डॉलर चिन्हाने पक्के करा. शीट खाली ओढताना संदर्भ घसरणं ही सर्वाधिक घडणारी चूक आहे, आणि तिचा आलेखही अनेकदा विश्वासार्ह दिसतो.

आकड्यांमागचा अर्थ असा. ०.०४ विस्ताराचा दर. ०.०५ गळतीचा दर, म्हणजे देणं अजिबात फिटेनासं झालं तर दरवर्षी पाच टक्के मुलूख हातचा जातो आणि साधारण चौदा वर्षांत निम्मा होतो. ०.००८ देण्याची नैसर्गिक वाढ: बढत्या, आणि खानाजादांची म्हणजे जुन्या मनसबदारांच्या मुलांची भरती. ०.६ सामावून घेण्याचा वाटा: नवा मुलूख जिंकला की तिथल्या सरदारांना मनसबी द्याव्या लागतात, त्यामुळे नव्या हासिलाचा बराच भाग जन्मतःच बांधलेला असतो. देण्याच्या सूत्रात वजाबाकी कुठेही नाही. मुलूख गेला तरी मनसब जात नाही, आणि सगळं मॉडेल या एका गोष्टीवर उभं आहे.

१५५६ साली क्षेत्र ६ आणि देणं ५ धरा. पंजाब, दिल्ली, आग्रा एवढाच पट्टा तेव्हा अकबराकडे होता. सूत्रं बरोबर बसली असतील तर १५५७ ला क्षेत्र ६.२१ आणि देणं ५.१६ येईल, १५५८ ला ६.४२ आणि ५.३३. हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

पुढचा प्रवास साधारण असा दिसेल. अकबराच्या अखेरीस क्षेत्र २४ च्या आसपास आणि देणं २० च्या आसपास, म्हणजे दरबाराकडे अजून शिल्लक आहे. १६४६ च्या सुमारास दोन्ही ३८ वर येऊन एकमेकांना गाठतात. १६६० च्या आसपास क्षेत्र ४० ला टेकतं. त्यानंतर घसरण सुरू होते, आधी न जाणवणारी: १६९० ला ३२, औरंगजेबाच्या मृत्यूच्या वेळी २३-२४, आणि नादिरशहा येतो त्या १७३९ ला सुमारे ८.

१६४६ कडे जरा थांबून पाहा. त्याच वर्षी हिंदुकुशापलीकडच्या बल्ख-बदख्शानची मोहीम निघाली, आणि शाहजहानच्याच राजवटीत मनसबदारांनी ठरलेल्या सवारांपैकी किती आणायचे याचे नियम सैल झाले: जहागीर असलेल्या सुभ्यातच नेमणूक असेल तर तिसरा हिस्सा, बाहेर असेल तर चौथा, बल्ख-बदख्शानला पाचवा. देणं हासिलाला गाठतं तेव्हा दरबार काय करेल याचं उत्तर या नियमात आहे. मनसबीचा आकडा तसाच ठेवून त्याच्या बदल्यात मिळणारी फौज त्याने कमी केली. वर्ष तंतोतंत जुळलं याला फारसं महत्त्व देऊ नका, कारण पुढे दिसेल तसं ते वर्ष सहज हलतं. दिशा मात्र जुळते.

नकाशा ४० म्हणतो, मॉडेल ३२

१६९० च्या आकड्यांची तफावत पाहून बरेच जण लगेच दर वाढवून आलेख वर ओढतात. तसं करू नका. आधी विचारा, दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का? नकाशावरचे ४० लाख म्हणजे बादशाही फर्मान जिथवर जातं तो मुलूख. मॉडेल मोजतं ती वसुली. १६९० मध्ये विजापूर आणि गोवळकोंडा नकाशात मुघलांचे झाले होते, रायगड १६८९ मध्ये पडला होता, आणि तरीही मुघल सेनापती झुल्फिकारखान १६९० पासून १६९८ पर्यंत जिंजीच्या वेढ्यात अडकला होता. अशा मुलखातल्या जहागिरीची सनद हातात असलेल्या मनसबदाराला तिथे अंमल बसवता येईलच असं नव्हतं. वाटायला ठेवलेली पायबाकी जमीन अपुरी पडू लागली आणि जहागिरीवाचून ताटकळणारे मनसबदार वाढले, हे त्या काळाचं ओळखीचं चित्र आहे.

म्हणून मॉडेलशी तुलना करायचा स्तंभ वजन दिलेल्या क्षेत्राचा हवा, नुसत्या नकाशाचा नको. दख्खनच्या सुभ्यांना १६९० नंतर एकचं वजन देणं मला तरी पटत नाही. मात्र वजन मॉडेल पाहून ठरवलंत तर तो स्वतःच्याच उत्तराला दिलेला दुजोरा झाला. वजनं आधी, कागदपत्रांवरून, एका बैठकीत ठरवून गोठवा आणि मगच मॉडेलचा आलेख उघडा.

उलटा प्रकारही होतो. १६०५ ला तुम्ही मोजलेलं वसुलीचं क्षेत्र २४ पेक्षा बरंच जास्त भरलं, तर दर खरोखरच कमी पडतोय. तो ०.०४५ करून पाहा, आणि गाठ पडण्याचं वर्ष, म्हणजे देणं क्षेत्राला गाठतं ते वर्ष, किती सरकलं तेही लिहा.

कुठला आकडा किती हलवतो

एकेक आकडा बदलून गाठ पडण्याचं वर्ष टिपा. देण्याची वाढ ०.००८ ऐवजी ०.००६ केली तर गाठ १६४६ वरून १६७१ च्या आसपास जाते. ती ०.००८ वरच ठेवून सामावण्याचा वाटा ०.६ ऐवजी ०.५ केला तर गाठ १६६८ च्या आसपास पडते. दोन्ही बदलांचा परिणाम जवळपास सारखाच आहे. म्हणजे नुसता क्षेत्राचा आलेख पाहून जुने मनसबदार वाढले की नवे सामावले हे सांगता येणार नाही. जे सांगता येत नाही ते सांगितल्याचा आव मॉडेलमधून चटकन आणला जातो, म्हणून हे दोन आकडे वेगळ्या पुराव्याने बांधले पाहिजेत.

पुरावा आहे. एम. अथर अली यांनी औरंगजेबाच्या काळातले एक हजार आणि त्यावरच्या ‘जात’चे (मनसबदाराचा वैयक्तिक दर्जा दाखवणारा आकडा) मनसबदार मोजले: १६५८-७८ मध्ये ४८६, १६७९-१७०७ मध्ये ५७५. त्यांत मराठे २७ वरून ९६ वर गेले. एकूण वाढ ८९, त्यातली ६९ एकट्या मराठ्यांची. म्हणजे वाढीचा मोठा भाग घरच्या मुलांचा नसून शत्रूला फोडून सामावून घेतलेल्यांचा दिसतो. तेव्हा सामावण्याचा वाटा मोठा आणि नैसर्गिक वाढ लहान ठेवण्याकडे कल असावा.

पण हे आकडे सरळ भागू नका. पहिला कालखंड २१ वर्षांचा आहे, दुसरा २९ वर्षांचा, आणि यादीत त्या काळात केव्हाही होऊन गेलेला प्रत्येक जण आहे. लांब कालखंडात जास्त नावं येणारच. ५७५ ला ४८६ ने भागून वार्षिक दर काढला तर तो वाढवून काढलेला ठरतो. त्याला वरची मर्यादा समजा.

आणखी एक तपासणी पाच मिनिटांत होते. पाऊल वर्षाऐवजी सहा महिन्यांचं करा: ०.०४ चं ०.०२, ०.०५ चं ०.०२५, १.००८ चं १.००४. सामावण्याचा ०.६ मात्र निम्मा करायचा नाही, कारण तो वर्षाला नाही, झालेल्या वाढीला गुणला जातो. नेमकी हीच चूक इथे होते. टोकाचं वर्ष एखाद-दोन वर्षांपेक्षा जास्त हललं तर सूत्रात गडबड आहे.

धक्के

खऱ्या इतिहासात पराभव, दुष्काळ, वारसायुद्धं असतात. शीटमध्ये पाचवा स्तंभ करा आणि नेहमी १ ठेवा. धक्क्याच्या वर्षी ०.८ लिहून नवं क्षेत्र त्याने गुणा. १५८० ला वीस टक्के मुलूख उडवला तर मॉडेल साधारण आठ वर्षांत तो परत मिळवतं. तोच धक्का १६५० ला दिला तर साम्राज्य पुन्हा कधीच त्या उंचीला जात नाही, उतार तिथूनच लागतो. धक्का एकच, पण १५८० ला दरबाराकडे शिल्लक होती आणि १६५० ला नव्हती.

त्यामुळे ‘अमुक लढाईने साम्राज्य बुडालं’ असं विधान तपासायचं असेल तर लढाईच्या आदल्या वर्षीची भरपाई पाहा. वारसायुद्धांसाठी क्षेत्राऐवजी भरपाईला दोन वर्षं ०.८५ ने गुणणं जास्त योग्य, कारण मुलूख तोच राहतो पण दोन दावेदार त्याच हासिलातून वचनं वाटतात. १६५७-५९, १७०७-०९, १७१२, १७१३ ही वर्षं हाताने भरा. १७१९ मध्ये तर एकाच वर्षात तख्तावर माणसं बदलत राहिली.

धक्के यादृच्छिक करायचे असतील तर मॉडेल किमान १,००० वेळा चालवा आणि उत्तर एका रेषेत न देता पट्ट्यात द्या: दर वर्षी खालचे आणि वरचे दहा टक्के सोडून उरलेला पट्टा. पायथनमध्ये हे तीस-चाळीस ओळींचं काम आहे.

खरी परीक्षा

१५५६ ते १६५८ या शंभर वर्षांवर आकडे बसवा, फाइल बंद करा, आणि मगच पुढची ऐंशी वर्षं काढा. पूर्ण काळावर बसवलेलं मॉडेल पूर्ण काळाशी जुळलं यात काही सिद्ध होत नाही. दर दहा वर्षांचे एकोणीस बिंदू आणि सुरुवातीचे दोन धरून सात आकडे मोकळे, इतक्या मोकळिकीत काहीही जुळवता येतं. मर्यादा भूगोलावरून, सुरुवातीचं क्षेत्र नकाशावरून आणि देण्याचे दोन आकडे मनसबींच्या नोंदींवरून बांधले की मोकळे राहतात फक्त तीन.

तुलनेला एक आळशी अंदाजही ठेवा: ‘पुढच्या दहा वर्षांत काही बदलणार नाही.’ तुमच्या मॉडेलची चूक या अंदाजाच्या चुकीपेक्षा कमी यायला हवी. १७०७ पर्यंत आळशी अंदाज चिवट टक्कर देतो. १७१७ ला बंगालमध्ये मुर्शिद कुलीखान, १७२२ ला अवधमध्ये सादतखान, १७२४ ला शकरखेड्याच्या लढाईनंतर दख्खनमध्ये निजाम, असे अख्खे सुभे सुटू लागले की तो मागे पडतो. गळतीचं सूत्र क्षेत्राच्या प्रमाणात ठेवलंय ते यासाठीच. दरवर्षी ठराविक गळती धरली, समजा ०.१५ लाख चौ. किमी, तर ४० लाखांचं साम्राज्य संपायला अडीचशेहून जास्त वर्षं लागतात.

हेच मॉडेल मराठ्यांना लावताना

जसंच्या तसं लावू नका. मुघल मनसबदाराची जहागीर बदलत असे. मराठी सरंजाम एकाच घराण्यात मुरत गेला. चौथाईचे ६६ टक्के सरदाराच्या हाती आधीच राहत असल्यामुळे केंद्राचं देणं कागदावर फुगत नाही, केंद्राचा वाटाच लहान राहतो. म्हणून एका क्षेत्राऐवजी पाच ओळी चालवा: पुणे, शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले. प्रत्येकाचं क्षेत्र, देणं आणि भरपाई वेगळी ठेवा. पुण्याच्या ओळीत इतरांकडून येणारा वाटा जोडा, आणि तो पुण्याच्या स्वतःच्या भरपाईवर अवलंबून ठेवा, कारण केंद्र अडचणीत दिसलं की सरदारांकडून येणारा भरणा आधी थकतो.

पानिपत हा इथला धक्क्याचा प्रयोग. १७६१ ला पाचही ओळींना एकदम धक्का देऊ नका. नागपूरकरांना आणि शिंद्यांना एकाच आकड्याने गुणलं तर प्रयोगाचा अर्थच जातो. मॉडेलने दाखवायला हवं ते असं: १७७१ मध्ये मराठे दिल्लीत परत येतात आणि १७७२ पर्यंत माधवरावांच्या काळात पुण्याची ओळही सावरते. तुमच्या शीटमध्ये १७६१ लाच सगळं कोसळत असेल, तर गळतीचा दर मुघलांचाच उचललेला आहे, तो ओळीगणिक कमी करा.

१८०३ मात्र या मॉडेलच्या आवाक्याबाहेर आहे. दिल्ली, असई आणि लासवारी एकाच वर्षाच्या दोन महिन्यांत घडतात, आणि समोरच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे १७६५ पासून बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क आहे. तिथे सहावी ओळ कंपनीची टाका, तिचं क्षेत्र सर्वांच्या मर्यादेतून वजा करा आणि तिच्या देण्याची वाढ वेगळी ठेवा: तिचा शिपाई रोख पगारावर आहे, जहागिरीवर नाही, म्हणून तिचा सामावण्याचा वाटा ०.६ च्या बराच खाली असावा. तो ०.२ पासून सुरू करून १८१८ पर्यंत चालवा, आणि कोणत्या आकड्याला पुण्याची ओळ १८०२ च्या वसईच्या तहाच्या आधीच वाकते ते पाहा.